चालू असलेला प्रिंटर वारंवार 'ऑफलाइन' का दिसतो? मूळ कारण आणि कायमचा उपाय

प्रिंटरचा दिवा लागलेला आहे, ट्रेमध्ये कागद आहे, शाई आहे, कालपर्यंत छपाई नीट होत होती. आज प्रिंट दिली तर कॉम्प्युटर सांगतो 'ऑफलाइन'. मग प्रिंटर बंद करून चालू करायचा, राउटर बंद करून चालू करायचा, नाहीच जमलं तर प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडायचा. यातलं काहीतरी लागू पडतं, काम निभावतं, आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत उभी राहते. ती परत का येते आणि येऊ नये म्हणून नेमकं काय बदलायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे. भर वाय-फायवरच्या प्रिंटरवर आणि विंडोज १० व ११ वर आहे. मॅक, फोन आणि यूएसबी केबलचं शेवटी थोडक्यात येईल.

'ऑफलाइन' या संदेशावरून प्रिंटर बिघडला असं समजू नका. कागद अडकला, शाई संपली किंवा झाकण उघडं राहिलं तर त्याचे वेगळे संदेश येतात. ऑफलाइनचा अर्थ इतकाच, की प्रिंटर जिथे असेल असं कॉम्प्युटरला वाटतं तिथे त्याने हाक मारली आणि ओ आली नाही. म्हणजे मुख्य शक्यता दोन उरतात. एकतर प्रिंटर नेटवर्कवर खरोखरच नाही. नाहीतर तो नेटवर्कवर व्यवस्थित आहे, पण कॉम्प्युटर चुकीच्या ठिकाणी हाक मारतोय. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. म्हणून ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) काढून टाकण्यापासून सुरुवात करू नका. त्यात अर्धा तास जातो, आणि दोष कुठे होता हे शेवटपर्यंत कळत नाही.

आधी दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवा

यासाठी प्रिंटरचा आजचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता) लागतो, आणि तो प्रिंटरकडूनच घ्यायचा. विंडोजमध्ये दिसणारा पत्ता जुना असू शकतो, आणि आपल्याला तपासायचं आहे ते नेमकं तेच. स्क्रीन असलेल्या प्रिंटरवर 'नेटवर्क' किंवा 'वायरलेस' सेटिंगमध्ये हा पत्ता दिसतो. स्क्रीन नसेल तर नेटवर्कची माहिती छापणारं पान काढता येतं. त्यासाठी कोणतं बटण किती वेळ दाबायचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं. बऱ्याच प्रिंटरवर माहितीचं 'आय' चिन्ह असलेलं बटण किंवा वाय-फायचं बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं.

पत्ता हाती आला की आधी त्याचे पहिले आकडे पाहा. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरने दिलेला नेहमीचा पत्ता आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरने राउटरकडे पत्ता मागितला, तो मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक ठरवून घेतला. अशा पत्त्यावर तो बाकी उपकरणांना सापडणार नाही. ०.०.०.० दिसत असेल तर बहुधा तो वाय-फायला जोडलेलाच नाही.

पत्ता नेहमीचा असेल तर कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून वरच्या पट्टीत तो टाइप करा. (या लेखात आकडे देवनागरीत आहेत. पट्टीत आणि सेटिंगच्या रकान्यांत ते इंग्रजी अंकांतच भरायचे, मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर पत्ता चालणार नाही.) आजच्या बहुतेक नेटवर्क प्रिंटरमध्ये एक छोटं वेबपान असतं. ते उघडलं, त्यावर मॉडेलचं नाव आणि शाईची पातळी दिसली, की प्रिंटर जागा आहे, नेटवर्कवर आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत रस्ताही मोकळा आहे. ब्राउझर कधीकधी 'सुरक्षित नाही' असा इशारा देतो. पत्ता तुमच्याच प्रिंटरवरून वाचलेला असेल तर पुढे जायला हरकत नाही. प्रिंटरने प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेलं असतं म्हणून तो इशारा येतो.

पान उघडलं नाही तर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'पिंग' (ping) लिहा, एक जागा सोडून पत्ता द्या आणि एंटर दाबा. (आज्ञाही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.) 'रिप्लाय फ्रॉम' पुढे प्रिंटरचाच पत्ता आला तर संपर्क आहे. झोपलेला प्रिंटर पहिल्या हाकेला कधीकधी उत्तर देत नाही, दुसरीला देतो. त्यामुळे चारही ओळी येऊ द्या. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर त्या पत्त्याचं उपकरण तुमच्या नेटवर्कवर सापडलं नाही. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे विनंती गेली, पण उत्तर परत आलं नाही. नुसत्या पिंगवर मात्र विसंबू नका, विशेषतः विंडोजमध्ये नोंदलेला पत्ता तपासताना. तो पत्ता आता एखाद्या फोनकडे गेलेला असेल तर फोन इमानदारीने उत्तर देईल आणि तुमची समजूत होईल की प्रिंटर बोलतोय. ब्राउझरमधलं पान अशी फसगत होऊ देत नाही.

आणखी एक झटपट कसोटी आहे. त्याच वाय-फायवरच्या फोनवरून प्रिंट देऊन पाहा. फोनवरून कागद बाहेर आला तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे.

पत्ता बदलतो, आणि तक्रार परत येते ती त्यामुळेच

राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो तो ठरावीक मुदतीपुरता. घरगुती राउटरवर ही मुदत बहुधा २४ तासांची असते. उपकरण चालू असेल तर ते मुदत संपण्याआधीच ती वाढवून घेतं. प्रिंटर मात्र शनिवार-रविवार बंद राहतो. मुदत संपते, राउटर तो पत्ता मोकळा समजतो आणि घरात आलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनला देतो. सोमवारी प्रिंटर चालू केला की त्याला १९२.१६८.१.५० च्या जागी १९२.१६८.१.५७ मिळतो. विंडोजच्या नोंदीत अजून ५० च आहे. तिथे हाक मारली की प्रिंटर ऑफलाइन!

बंद-चालू केल्याने कधी काम होतं आणि कधी होत नाही, त्याचं कारणही यातच आहे. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्त्यांचं वाटप नव्याने झालं आणि योगायोगाने प्रिंटरला जुनाच पत्ता मिळाला, तर सगळं जागेवर येतं. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की विंडोज त्या दिवशीचा पत्ता नोंदवतं, आणि तो पुढच्या बदलापर्यंत चालतो. दोन्हींत मूळ कारणाला हात लागलेला नसतो. पत्ता पक्का केला नाही तोवर ही तक्रार परत येणारच.

पत्ता पक्का करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे राउटरमध्येच तो प्रिंटरसाठी राखून ठेवणं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीत राउटरचा पत्ता दिसतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तो ब्राउझरमध्ये उघडा. युजरनेम आणि पासवर्ड कधी बदलला नसेल तर राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडतो. तो वाय-फायचा पासवर्ड असेलच असं नाही, 'ॲडमिन' किंवा 'लॉगिन' असं लिहिलेला पाहा. आत 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' या भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' अशा नावाचा पर्याय असतो. मेश राउटर (एकापेक्षा जास्त केंद्रांतून वाय-फाय पसरवणारा) असेल तर हेच त्याच्या मोबाइल ॲपमध्ये, उपकरणांच्या यादीत प्रिंटरवर टॅप केल्यावर मिळतं.

तिथे दोन गोष्टी भरायच्या: प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा आयपी ॲड्रेस. मॅक ॲड्रेस म्हणजे उपकरणाची १२ अक्षरांची कायमची ओळख. तो प्रिंटरच्या नेटवर्क पानावर छापलेला असतो. इथे एक चूक सर्रास होते. नेटवर्क केबलची सोय असलेल्या प्रिंटरला दोन मॅक ॲड्रेस असतात, एक केबलचा आणि एक वाय-फायचा. प्रिंटर वाय-फायवर असताना केबलचा मॅक भरला तर राखीव पत्ता कुणालाच मिळत नाही आणि मेहनत वाया जाते. पानावर 'वायरलेस' या शीर्षकाखालचाच घ्या. राउटरच्या यादीतून प्रिंटर थेट निवडता येत असेल तर ते अधिक सुरक्षित, कारण टाइप करताना चुकायची भीती नाही.

सेव्ह करा, प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा आणि त्याचं नेटवर्क पान पुन्हा पाहा. राखून ठेवलेलाच पत्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मॅक ॲड्रेस पुन्हा ताडून पाहा. तोही बरोबर असेल तर राउटर एकदा बंद-चालू करा, काही राउटर जुनं वाटप त्याशिवाय सोडत नाहीत.

राउटरमध्ये ही सोयच नसेल तर प्रिंटरमध्ये पत्ता हाताने भरता येतो. 'आयपी सेटिंग्ज' मध्ये 'ऑटो' ऐवजी 'मॅन्युअल' निवडा. पण पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा घ्या. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्या. पट्ट्यातलाच दिलात तर एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता दुसऱ्या उपकरणालाही देईल आणि दोघंही अधूनमधून गायब होतील, जे शोधून काढणं फार जिकिरीचं असतं. सबनेट मास्क घरगुती नेटवर्कवर जवळजवळ नेहमी २५५.२५५.२५५.० असतो (आयपीकॉन्फिगमध्ये खात्री करा) आणि गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. या पद्धतीतली खरी गैरसोय पुढे कळते. राउटर बदलला आणि नव्याच्या पत्त्यांची मालिका वेगळी निघाली, की प्रिंटर जुन्या मालिकेतच अडकून पडतो. म्हणून शक्य असेल तिथे राउटरमधलंच आरक्षण वापरा.

आता विंडोजला तो पत्ता दाखवा

पत्ता पक्का झाला म्हणजे अर्धं काम झालं. विंडोज प्रिंटरपर्यंत ज्या मार्गाने जातं त्याला तिथे 'पोर्ट' म्हणतात. वाय-फाय प्रिंटर आपोआप जोडला गेला असेल तर हे पोर्ट बऱ्याचदा 'डब्ल्यूएसडी' प्रकारचं असतं. यात विंडोज ठरावीक पत्त्यावर न जाता नेटवर्कवर पुकारा करतं आणि प्रिंटरने ओळख देण्याची वाट पाहतं. जोडणी अगदी सोपी होते, हा त्याचा फायदा. पण तो पुकारा किंवा त्याचं उत्तर वाटेत हरवलं, प्रिंटर झोपेत असताना त्याने दाद दिली नाही, किंवा राउटरने असे संदेश पुढे सोडले नाहीत, की चालू प्रिंटर ऑफलाइन ठरतो. वारंवार ऑफलाइन होणाऱ्या प्रिंटरवर हे पोर्ट ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाहायचं कसं? विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' असं जाऊन प्रिंटरवर क्लिक करा आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा. ('प्रिंटिंग प्रेफरन्सेस' वेगळं, तिथे पोर्ट मिळणार नाही.) विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस' मधून प्रिंटर निवडून 'मॅनेज' दाबल्यावर हाच पर्याय येतो. 'पोर्ट्स' या टॅबमध्ये ज्या ओळीपुढे खूण आहे ती वाचा. सगळं धूसर दिसत असेल तर 'जनरल' टॅबमधलं 'चेंज प्रॉपर्टीज' बटण आधी दाबा, ॲडमिनचा अधिकार लागतो.

बदल करण्याआधी 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये ड्रायव्हरचं नाव पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर' असेल तर पोर्टला हात लावू नका. हा ड्रायव्हर स्वतःच्या पद्धतीच्या पोर्टवरच चालतो, दुसऱ्यावर नेला की छपाई बंद पडते. अशा वेळी प्रिंटर कंपनीच्या साइटवरून मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर आणून बसवा आणि मग पुढचं करा. विंडोज ११ मध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' चालू केलेला असेल तर कंपनीचा ड्रायव्हर चालत नाही, तो पर्याय आधी बंद असल्याची खात्री करून घ्या.

ड्रायव्हर कंपनीचाच असेल तर:

१. 'पोर्ट्स' टॅबमध्ये 'ॲड पोर्ट' दाबा, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि 'न्यू पोर्ट' दाबा.
२. पहिल्या रकान्यात राखून ठेवलेला पत्ता भरा. पोर्टचं नाव खाली आपोआप येतं, ते राहू द्या.
३. 'नेक्स्ट' दाबल्यावर विंडोज प्रिंटरला ओळखायचा प्रयत्न करतं. कधी मिनिटभर लागतं. 'आणखी माहिती हवी' असा पडदा आला तर 'जेनेरिक नेटवर्क कार्ड' तसंच ठेवून पुढे जा.
४. 'फिनिश' करा. यादीत नव्या पोर्टपुढे खूण आलेली दिसली पाहिजे. 'अप्लाय' दाबा.
५. 'जनरल' टॅबवरून 'प्रिंट टेस्ट पेज' द्या.

प्रिंटर यादीतून काढून टाकायची यात कुठेही गरज नाही. स्कॅनरसकट असलेल्या प्रिंटरवर ते मुद्दाम टाळा, कारण पूर्ण उपकरण काढलं की स्कॅनरची नोंदही जाऊ शकते.

चाचणीचं पान निघालं तरी थांबू नका. नवं पोर्ट निवडलेलं असतानाच 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ची खूण काढा. या सेटिंगमुळे विंडोज वेगळ्या मार्गाने (यूडीपी १६१) प्रिंटरची विचारपूस करत राहतं. प्रत्यक्ष छपाई ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून होते. प्रिंटर पहिल्या मार्गावर उत्तर देत नसेल, या विचारपुशीचा परवलीचा शब्द ('कम्युनिटी नेम') बदललेला असेल, किंवा मधली फायरवॉल ती विचारपूस अडवत असेल, तर ९१०० वर सगळं ठीक असूनही विंडोज प्रिंटर ऑफलाइन असल्याचं जाहीर करतं. 'कधी आपोआप ऑनलाइन येतो, कधी जातो' अशी तक्रार असेल तर ही खूण काढणं हाच अनेकदा पूर्ण उपाय ठरतो. खूण काढल्यावर कागद संपल्याची सूचना विंडोजमध्ये कदाचित येणार नाही, एवढंच नुकसान.

पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर, तरीही ऑफलाइन

प्रिंटरच्या यादीकडे नीट पाहा. एकाच मॉडेलची दोन-तीन नावं दिसतात का, एकापुढे 'कॉपी १' लिहिलेलं? प्रत्येक वेळी काढून-जोडून झालेल्या या प्रती आहेत. त्यातली एक जिवंत असते, बाकीच्या जुन्या पत्त्यांवर अडकलेल्या. तुम्ही प्रिंट देता ती मेलेल्या प्रतीला. कोणत्या प्रतीवर नवं पोर्ट आहे ते पाहा, तेवढी ठेवा, बाकीच्या काढा. शिवाय 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय बंद करा. तो चालू असेल तर त्या ठिकाणी शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. एकदा पीडीएफ म्हणून सेव्ह केलं की पुढचं पत्र कागदावर न येता फाइल होऊन बसतं आणि दोष प्रिंटरवर येतो.

जुन्या पद्धतीच्या रांगेच्या खिडकीत 'प्रिंटर' मेन्यूखाली 'यूज प्रिंटर ऑफलाइन' असा पर्याय असतो. त्यापुढे खूण असेल तर काढा. नंतर लगेच छपाई सुरू झाली तर कारण तेवढंच होतं.

रांगेत एखादं काम 'डिलीटिंग' किंवा 'एरर' म्हणत लटकून राहिलं असेल तर त्याच्या मागची सगळी कामं अडतात. ते रांगेतून काढताच येत नसेल तर असं करा. शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' (इंग्रजीत) लिहून ती खिडकी उघडा, 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) वर उजवं क्लिक करून 'स्टॉप' द्या. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने आत जा. परवानगी विचारली तर द्या. आतल्या एसपीएल आणि एसएचडी प्रकारच्या फाइली पुसा, पण 'प्रिंटर्स' हे फोल्डर तसंच राहू द्या. मग स्पूलर पुन्हा 'स्टार्ट' करा. या फाइलींत सगळ्याच प्रिंटरची थांबलेली कामं असतात, ती पुन्हा द्यावी लागतील.

याच संदर्भात एक बारीक पण उपयोगी गोष्ट. कॉम्प्युटर 'शट डाउन' करून सुरू केला तर स्पूलर ताजा होईलच असं नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनच्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो, अडकलेल्या सेवांसकट. 'रीस्टार्ट' मध्ये असं होत नाही. बंद-चालू करायचंच तर रीस्टार्ट निवडा.

घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) तपासा. तो जोडलेला असताना अनेकदा सगळी वाहतूक ऑफिसकडे वळवली जाते आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दिसेनासा होतो. व्हीपीएन तोडून प्रिंट निघाली तर कारण मिळालं. 'लोकल नेटवर्क' ला परवानगी देणारी सेटिंग असेल तर ती चालू करा, कित्येकदा तो निर्णय ऑफिसच्या हातात असतो. घरच्या वाय-फायची नोंद विंडोजमध्ये 'पब्लिक' म्हणून झाली असेल तर ती 'प्रायव्हेट' करा. पब्लिकमध्ये नेटवर्कवरची उपकरणं शोधण्यावर बंधनं येतात.

प्रिंटरच उत्तर देत नसेल

ब्राउझरमध्ये पान उघडलं नाही आणि पिंगही गेलं नाही, तर विंडोजमध्ये काहीही बदलून उपयोग नाही.

अलीकडेच वाय-फायचा पासवर्ड किंवा राउटर बदलला का? लॅपटॉपला नवा पासवर्ड लगेच दिला जातो, प्रिंटरला द्यायचा राहतो. प्रिंटरवरच्या वायरलेस सेटअपमधून तो नव्याने भरा.

बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देत असेल तर सहसा अडचण येत नाही, पण काही राउटर उपकरणांना ५ कडे ढकलत राहतात आणि प्रिंटर त्यात सारखा तुटतो. अशा वेळी २.४ ला वेगळं नाव देऊन प्रिंटर त्यावर जोडा. लॅपटॉप ५ वर राहिला तरी चालतो, दोन्ही एकाच राउटरवर आणि एकाच अंतर्गत नेटवर्कवर असले की झालं. चॅनल 'ऑटो' वर असताना राउटर कधी १२ किंवा १३ वर गेला तर ते चॅनल न ओळखणाऱ्या उपकरणांना वाय-फायचं नावच दिसत नाही. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायम ठेवा.

सुरक्षा 'डब्ल्यूपीए३' पुरतीच ठेवली असेल तर जुने प्रिंटर जोडलेच जात नाहीत. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा. प्रिंटर चुकून 'गेस्ट' नेटवर्कवर जोडला गेलाय का तेही बघा. गेस्टवरची उपकरणं मुख्य नेटवर्कपासून मुद्दामच तोडलेली असतात. 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाची सेटिंग मुख्य नेटवर्कवर चालू असेल तरी परिणाम तोच. इंटरनेट सगळ्यांना मिळतं, पण एकमेकांशी कुणी बोलू शकत नाही.

एक फसवा प्रकार वाय-फाय डायरेक्टचा. प्रिंटर स्वतःचं एक वाय-फाय पसरवतो, त्याचं नाव बहुधा 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होतं. लॅपटॉप त्याला जोडून एकदा प्रिंट काढली, नंतर लॅपटॉप घरच्या वाय-फायवर परतला, की तो प्रिंटर ऑफलाइन. जोडणी नेहमी घरच्या वाय-फायवरूनच करा.

झोपेचं काय? 'स्लीप' मध्ये गेलेला प्रिंटर नेटवर्कवर राहतो आणि काम आलं की जागा होतो. 'ऑटो ऑफ' मध्ये तो पूर्ण बंद पडतो आणि बटण दाबल्याशिवाय उठत नाही. रोज ठरावीक तासांनी ऑफलाइन होत असेल तर प्रिंटरच्या वीजबचतीच्या सेटिंगमध्ये ऑटो ऑफ बंद करा, स्लीप राहू द्या.

मॅक, फोन, यूएसबी

मॅकवर आधी प्रिंटरची रांग उघडून ती थांबवलेली, म्हणजे 'पॉज' केलेली नाही ना ते पाहा. असेल तर 'रिझ्यूम' करा. वारंवार हरवत असेल तर 'सिस्टम सेटिंग्ज' मधल्या 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मधून प्रिंटर जोडताना गोलाच्या चिन्हाचा आयपी टॅब निवडून राखीव पत्ता भरा. 'रीसेट प्रिंटिंग सिस्टम' हा पर्याय प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल-क्लिक केल्यावर येतो, पण तो सगळेच प्रिंटर पुसतो. म्हणून तो शेवटी.

फोनवर प्रिंटर दिसत नसेल तर मोबाइल डेटा बंद करून फोन त्याच वाय-फायवर असल्याची खात्री करा. अँड्रॉइडवर छपाईची सेवा सेटिंग्जमध्ये बंद असेल तर ती चालू करा. आयफोनला वेगळं ॲप लागत नाही, पण प्रिंटर एअरप्रिंट (ॲपलची छपाईची पद्धत) चालणारा हवा.

यूएसबी केबलवरचा प्रिंटर ऑफलाइन होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे केबल दुसऱ्या खाचेत घालणं. विंडोज बरेचदा त्याला नवा प्रिंटर समजून दुसरी प्रत तयार करतं, आणि आधीची प्रत रिकाम्या पोर्टवर राहते. केबल पुन्हा पहिल्या खाचेत घाला किंवा जुन्या प्रतीला 'पोर्ट्स' टॅबमध्ये नवं यूएसबी पोर्ट द्या. मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढून केबल थेट जोडा, केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

दुरुस्ती टिकली का ते कसं कळणार

चाचणीचं पान निघालं म्हणजे दोष गेला असं नाही, कारण ते नुसत्या बंद-चालूनेही निघतं. प्रिंटर दोन दिवस पूर्ण बंद ठेवा, म्हणजे पत्त्याची मुदत बहुधा संपेल. मधल्या काळात राउटर एकदा बंद-चालू करा. मग प्रिंटर लावा, नेटवर्क पानावरचा पत्ता पाहा आणि विंडोजमध्ये काहीही न बदलता प्रिंट द्या. पत्ता तोच आणि कागद बाहेर आला, तर दुरुस्ती पक्की.

पत्ता तोच आहे, पण पिंगच्या ओळींत मधूनमधून 'टाइम्ड आउट' येतंय, तर दोष वाय-फायच्या लहरींत आहे. प्रिंटर राउटरच्या जवळ आणून पाहा. मेश असेल तर तो लांबच्या केंद्राला चिकटला आहे का ते ॲपमध्ये तपासा. जागा बदलणं शक्य नसेल आणि प्रिंटरला नेटवर्क केबलची खाच असेल तर केबलच लावा, वाय-फायचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. केबल लावल्यावर मात्र राउटरमधलं आरक्षण पुन्हा करावं लागेल, या वेळी केबलच्या मॅक ॲड्रेसवर. आधीची नोंद पुसून तोच आयपी ॲड्रेस त्याला दिलात तर विंडोजमध्ये काहीच बदलावं लागत नाही.